चिकन पार्मेझान

चिकन पार्मेझान : (पार्मिजाना, बोलण्यात 'चिकन पार्म'). कोंबडीच्या छातीचा बिनहाडाचा तुकडा चपटा करून त्याला मैदा, अंडे व पावाचा चुरा लावून तळतात. वर टोमॅटोचा सॉस व चीज घालून चीज वितळेपर्यंत भाजतात. पदार्थ इटालियन-अमेरिकन आहे. इटलीच्या परंपरेत तो या रूपात आढळत नाही. तिथे 'पार्मिजाना' म्हणजे थर रचून केलेली वांग्याची.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. 'पार्मा शहराच्या पद्धतीचे' असा सरळ अर्थ घेतला, तर पदार्थ उत्तर इटलीचा ठरतो. पण वांग्याच्या पार्मिजानावर हक्क सांगतात ते दक्षिणेतले सिसिली व नेपल्स. सिसिलीच्या बाजूने असे मांडले जाते की, मूळ शब्द 'पार्मिचाना', म्हणजे खिडकीच्या झडपेच्या एकावर एक बसणाऱ्या पट्ट्या. वांग्याचे काप तसेच रचतात म्हणून हे नाव. कल्पना देखणी आहे, मात्र तिला जुन्या लिखाणाचा आधार फारसा मिळत नाही. लिखित पुरावा नेपल्सकडे झुकतो. नेपल्समधील पाकलेखक व्हिन्चेन्त्सो कोर्रादो याच्या 1773 च्या पाकग्रंथात याच नावाची कृती आहे, पण ती वांग्याची नसून दुधीवर्गीय भाजीची आहे. तिच्यात लोणी व पार्मेझान चीज आहे, टोमॅटो नाही. वांगे, चीज व टोमॅटो हे आजचे त्रिकूट इप्पोलितो काव्हाल्कान्ती या नेपल्सच्याच लेखकाकडे, 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागते. त्यावरून 'पार्मिजाना' हे आधी थर रचून चीज घालण्याच्या रीतीचे नाव असावे व भाजी मागाहून बदलत गेली असावी, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

यातले वांगे मूळचे आपल्याकडचे. संस्कृत 'वातिंगण' पासून फारसी 'बादिंगान', त्यावरून अरबी 'बादिंजान' व पुढे इटालियन 'मेलान्झाना' अशी साखळी भाषाभ्यासक लावतात. टोमॅटोचा प्रवास उलट दिशेचा आहे: तो अमेरिका खंडातून 16 व्या शतकात युरोपात पोहोचला व भारतात बहुधा पोर्तुगीजांमुळे आला. मराठीत त्याला 'वेलवांगी' म्हणत, हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नाही. दोन्ही सोलॅनम प्रजातिगटातच मोडतात.

चुरा लावून तळण्याची रीत वेगळ्या घराण्याची, मिलानच्या कोतोलेत्ताची (चुरा लावून तळलेल्या वासराच्या मांसाच्या तुकड्याची) आहे. तिथल्या सांत'आंब्रोज्यो चर्चच्या 1134 मधील भोजनाच्या नोंदीत 'लोंबोलोस कुम पानित्यो' (लॅटिन, 'पानित्योसह कमरेचे मांस') असे शब्द येतात व ते हिचे पहिले प्रमाण म्हणून दाखवले जातात. 'पानित्यो' म्हणजे पावाचा चुराच, याबद्दल मात्र एकमत नाही. 19 व्या शतकाच्या अखेरीपासून इटालियन स्थलांतरित अमेरिकेच्या ईशान्य भागात वसले. तिथे मांस स्वस्त होते. वांग्याच्या जागी आधी वासराचे मांस व पुढे कोंबडी आली. 1950 च्या दशकापर्यंत पदार्थ तिथे रुळला होता.

आता आपल्या ठाणे परिसराकडे पाहू. ठाणे 1737 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि 'पाव' हा शब्दही त्यांचाच. म्हणून चुऱ्याची सामग्री इथे नवखी नाही. 'कटलेट' शब्दही कोतोलेत्ताचा भाऊबंद, पण इथे त्याचा अर्थ खिम्याची किंवा बटाट्याची वडी असा झाला. पारशी कटलेटमध्ये चुरा आधी व अंडे शेवटी असते, म्हणून तिला जाळीदार कडा येतात. पार्मेझानमध्ये क्रम बरोबर उलटा. आगरी-कोळी घरांत मासळीला तांदळाचे पीठ लावतात, काही घरांत रवा. मासळीला ते उत्तम. सॉसखाली मात्र रवा पाणी पिऊन शिऱ्यासारखा होतो. मूळ पार्मिजानाला सर्वांत जवळचे म्हणजे आपले वांग्याचे काप.

लेपांचा क्रम हा कृतीचा कणा होय. तुकडा 1 ते 1.5 सेंमी. जाडीचा होईपर्यंत लाटण्याने ठेचून कोरडा टिपतात. मैदा उरलेली ओल शोषतो व अंड्याला धरायला जागा देतो. अंड्यातील प्रथिने तेलात गोठून चुरा पक्का बसवतात. मैदा वगळला तर तळताना सालपट सुटते. चुरा लावल्यावर पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून 170 ते 180 अंश से. तापलेल्या तेलात तळतात. आतले तापमान 74 अंशांपर्यंत जावे लागते. बेकरीच्या टोस्टचा चुरा गोडसर असल्याने लवकर करपतो. पावसाळ्यात चुरा सादळतो. तो कोरड्या कढईत परतून घेतात.

'सॉस' म्हटले की इथे बाटलीतले गोड केचप समजले जाते. ते या कामाचे नाही. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत नाशिक व पुणे जिल्ह्यांतून टोमॅटो येतो. गराचा संकरित टोमॅटो लसणीवर परतून घट्ट आटवतात. गावठी आंबट व रसाळ असतो, तो जास्त आटवावा लागतो. सॉस तुकड्याच्या मध्यावरच घालतात, म्हणजे कडा कुरकुरीत राहतात. ओरेगानो नसेल तर गजऱ्यातला मरवा चिमूटभर चालतो. दोन्ही एकाच प्रजातिगटातले.

घरोघरी मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या चौकोनी वड्यांत सायट्रेट, फॉस्फेट यांसारखे क्षार असतात. त्यामुळे ते मऊ होते, पण त्याला तार सुटत नाही. तार हवी असल्यास मोझरेला घ्यावे. खरे पार्मेझान किमान 12 महिने मुरवतात व त्यात वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे विकर) वापरतात, म्हणून ते शाकाहारी धरत नाहीत.

ओव्हन नसल्यास तव्यावर मंद आचेवर झाकून चीज वितळवतात. वाफेचे थेंब पडू नयेत म्हणून झाकणाला फडके बांधतात. उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये लिबलिबीत होतो, तो कोरड्या तव्यावरच गरम करतात.