गेम सर्व्हरच्या सेटिंग फाइलमागची तीस वर्षं

सुट्ट्या लागल्या की नाशिकमध्ये कुणाच्या तरी घरी जुना पीसी पुन्हा चालू होतो आणि त्यावर माइनक्राफ्टचा नाहीतर काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ सांभाळणारा प्रोग्राम, टाकला जातो. सर्व्हर टाकायला फार वेळ लागत नाही. संध्याकाळ जाते ती नोटपॅडमध्ये उघडलेल्या एका साध्या टेक्स्ट फाइलवर. आपल्याच टीममधल्याला गोळी लागावी का, राउंड किती मिनिटांचा, पासवर्ड ठेवायचा का, आत कोणाकोणाला घ्यायचं. गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ आहे की नाही हे बॅटवाला ठरवतो, तसंच इथे फाइल ज्याच्या हातात तो ठरवतो. मात्र या फाइलमधल्या बहुतेक ओळी आजच्या नाहीत. एकेकीच्या मागे जुनी अडचण आहे, नाहीतर जुनं भांडण.

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला तेव्हा सर्व्हर ही भानगडच नव्हती. जास्तीत जास्त चार जण, चार मशीन, एक नेटवर्क. प्रत्येक मशीन पूर्ण गेम स्वतः चालवायचं आणि कोणी काय दाबलं एवढंच बाकीच्यांना कळवायचं, सेकंदाला ३५ वेळा. सगळ्यांनी पावलाला पाऊल लावून चालायचं, त्यामुळे ज्याचं मशीन सगळ्यात मठ्ठ त्याच्याच वेगाने बाकीचे तिघे. पहिल्या आवृत्तीत तर हे निरोप नेटवर्कवरच्या खेळत नसलेल्या मशीनलाही जायचे आणि नेटवर्क तुंबायचं. नियम काय ते गेम सुरू करतानाच ठरायचे.

खरा बदल झाला जून १९९६ मध्ये, त्याच कंपनीच्या ‘क्वेक’मुळे. त्यात खेळाची खरी स्थिती एकाच मशीनवर राहू लागली: कोण कुठे उभा आहे, कोणाला गोळी लागली, कोण मेला. बाकीची मशीन तिच्याकडून ते ऐकून पडद्यावर दाखवायची. शिवाय ‘डेडिकेटेड’ असा शब्द जोडून गेम चालवला की ते मशीन चित्र काढायचंच नाही, नुसत्या अक्षरांच्या खिडकीत बसून पंचगिरी करायचं.

निवाडा एकाच जागी होऊ लागला म्हटल्यावर नियमही तिथेच लिहायला हवेत. ‘क्वेक’मध्ये कन्सोल होता: टिल्डची कळ दाबली की वरून पट्टी खाली यायची आणि त्यात नाव आणि आकडा टाइप केला की खेळ तिथल्या तिथे बदलायचा. सर्व्हरच्या ताब्यातल्या अनेक नावांना पुढे ‘एसव्ही’ लावलेलं असे. एसव्ही_ग्रॅव्हिटी ८००, एसव्ही_मॅक्सस्पीड ३२०. किती बळी घेतले की गेम संपेल त्याला फ्रॅगलिमिट, किती मिनिटांनी संपेल त्याला टाइमलिमिट. याच ओळी एका सीएफजी फाइलमध्ये लिहून ‘एक्झेक’ म्हटलं की एका दमात सगळ्या लागू. हे आकडे बाहेर उघडे ठेवणं ही मुळात प्रोग्रामरांचीच सोय असावी असं मला वाटतं. खेळणाऱ्यांनी तिचा कायदा करून टाकला. ग्रॅव्हिटी १०० करून हवेत तरंगणारी पोरं तेव्हापासून आहेत.

पण मोडेमवर या पद्धतीची गोची झाली. पुढे जायची कळ दाबली की तो निरोप सर्व्हरला जाणार, उत्तर परत येणार, मग आपला माणूस हलणार. डिसेंबर १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’ने त्यावर तोड काढली: आपलं मशीन अंदाजाने आधीच पाऊल टाकतं, सर्व्हर नंतर चूक सुधारतो. अंदाज चुकला की माणूस खेचल्यासारखा मागे जातो. लॅग मारतोय म्हणून आपण ओरडतो तो झटका बरेचदा हाच. लांबून सर्व्हरला हुकूम देण्याची सोय, म्हणजे आरकॉन, तीही इथलीच. तिचा पासवर्ड नेटवर्कवरून उघड्यावर, जसाच्या तसा जायचा. त्यामुळे कामाचा पासवर्ड तिथे वापरू नये हा सल्लाही तितकाच जुना.

नोव्हेंबर १९९८ मध्ये वाल्व्हचा ‘हाफ-लाइफ’ आला तो ‘क्वेक’चंच इंजिन परवान्यावर घेऊन, त्यामुळे ग्रॅव्हिटीचे ८०० त्याच्यासोबत जसेच्या तसे आले. त्या ‘हाफ-लाइफ’वर मिन ली आणि जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ची पहिली बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, काढली. नोव्हेंबर २००० मध्ये तो विकत मिळू लागला आणि सप्टेंबर २००३ मध्ये १.६ आला. नाशिकच्या सायबर कॅफेंत, कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत, पुढे वर्षानुवर्षं चालला तो हाच १.६.

कॅफेत तो चालायचा लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या कॅफेत जोडलेल्या मशीनवर, एसव्ही_लॅन १ करून. त्याला कारण होतं. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा सुरुवातीचा वेग २५६ केबीपीएस होता, आणि तेवढ्यात अख्खा कॅफे चालायचा. बाहेरच्या सर्व्हरवर दहा जण खेळणं अवघड, कॅफेतल्याच एका मशीनवर सर्व्हर टाकला की पिंगचा, म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचा, प्रश्नच मिटला. मग वाद फाइलवर. एमपी_स्टार्टमनी, म्हणजे हत्यारं घ्यायला सुरुवातीला मिळणारे खेळातले पैसे, ८०० ठेवायचे की १६०००? आठशेत पहिला राउंड पिस्तुलावरच जाणार, पैसे साठवावे लागणार, म्हणजे डोकं लागणार. सोळा हजारात पहिल्या राउंडपासून एके रायफल. तासाचे पैसे मोजून आलेल्यांना सोळा हजारच हवे असायचे, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत तर पिस्तुलाचा राउंड खेळायला कोणाला धीर? एमपी_लिमिटटीम्सची ओळ अशी, की दोन्ही बाजूंत माणसांचा फरक ठरावीक आकड्यापुढे जाऊ द्यायचा नाही. चार जिगरी दोस्त मिळून आले की ती पहिली उडायची.

मेलेल्या खेळाडूने कॅमेरा फिरवून शत्रू कुठे लपलाय ते जिवंत दोस्ताला सांगू नये म्हणूनही सेटिंग होती. कॅफेत तिचा उपयोग शून्य. शेजारच्याचा मॉनिटर हाताच्या अंतरावर, मान वळवली की झालं. प्लायवूडचं पार्टिशन हाच त्यावर चालणारा इलाज.

इंटरनेटवर मात्र वेगळं भांडण रंगलं होतं: आपण कोपऱ्याआड गेलो तरी गोळी लागते कशी? वाल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ च्या निबंधात उत्तर मांडलं. गोळी मारणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसत होतं, तितक्या क्षणापर्यंत सर्व्हर जग मागे नेतो आणि मग निवाडा करतो. १.६ मध्ये ती ओळ एसव्ही_अनलॅग. मारणाऱ्याला न्याय, मरणाऱ्यावर थोडा अन्याय. पुढे २०१२ च्या ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ६४ टिक की १२८ टिक, म्हणजे सर्व्हरने सेकंदाला किती वेळा हिशोब करायचा, हा वाद दहा वर्षं चालला, सप्टेंबर २०२३ च्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये वाल्व्हने सबटिक (दोन टिकांच्या मधे कळ नेमकी कधी दाबली तेही मोजणं) आणून तो पर्यायच काढून टाकला. ग्रॅव्हिटी तिथेही ८०० आहे.

माइनक्राफ्टची फाइल निराळ्या घराण्यातली. सर्व्हर.प्रॉपर्टीज, डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. २०१४ पासून आधी युला, म्हणजे वापराच्या अटींच्या, फाइलमध्ये ‘ट्रू’ लिहावं लागतं, नाहीतर सर्व्हर चालूच होत नाही; नव्या मुलांची पहिली अडचण हीच. ऑनलाइन-मोड ‘फॉल्स’ केला की खात्यांची तपासणी बंद होते आणि कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतो.

मधल्या काळात कंपन्यांनी ही फाइल खेळाडूंच्या हातून काढूनही घेतली. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ पीसीवर डेडिकेटेड सर्व्हरशिवाय आला आणि खेळाडू चिडले. ३१ मे २०१४ ला सर्व्हर शोधून देणारी गेमस्पाय ही सेवा बंद झाली तेव्हा अनेक जुन्या गेमच्या सर्व्हर याद्याच गेल्या. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला तर सर्व्हर दिसलेलाच नाही. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये रूम कार्ड टाकून कस्टम रूम काढायची आणि कंपनीने ठेवलेली बटणं तेवढी फिरवायची.

आता गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्येही फायबर आहे, तरी घरचा सर्व्हर बाहेरच्या दोस्तांना दिसत नाही अशी तक्रार सर्रास येते. फाइल बरोबर असते. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४, पत्ते अपुरे पडल्याने अनेक पुरवठादार एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर या पट्ट्यातला आकडा दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना घरातल्या मशीनकडे वळवण्यावर, वेळ घालवू नये. स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, मागावा, नाहीतर मुंबईतलं भाड्याचं मशीन घ्यावं. तिथून नाशिकला पिंग फारसा येत नाही, सिंगापूरहून मात्र फायबरचं नुसतं जाणं-येणंच ४० मिलिसेकंदांच्या आसपास आहे. आणि पत्ता स्वतःचा असेल, तर माइनक्राफ्टच्या पीसीवरच्या जावा आवृत्तीसाठी २५५६५ हा पोर्ट टीसीपीवर उघडायचा, काउंटर-स्ट्राइकसाठी २७०१५ यूडीपीवर; टीसीपी आणि यूडीपी या निरोप पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. दुसऱ्याला नुसतं टीसीपी उघडून ठेवलं तर कोणीही आत येऊ शकणार नाही.