यूकेत ओव्हरस्पीडिंगचं पत्र आलंय? दंड-पॉइंट्सऐवजी स्पीड अवेअरनेस कोर्स कोणाला मिळतो

इंग्लंड-वेल्समध्ये कॅमेऱ्यात सापडलात की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर साधारण १४ दिवसांत पोलिसांचं पत्र येतं आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवावंच लागतं. हे प्लीज टाळू नका, कारण ओव्हरस्पीडिंगला कमीत कमी १०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट्स, पण नाव कळवलं नाही तर ६ पॉइंट्स आणि १००० पाउंडांपर्यंत दंड, आणि पहिलं लायसन्स मिळून २ वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंट्सला लायसन्सच जातं.

कोर्ससाठी आपण अर्ज करायचा नसतो, नियमात बसत असाल तर पोलिसच ऑफर पाठवतात. हिशोब साधारण असा, ताशी ३० मैल मर्यादेच्या रस्त्यावर स्पीड ३५ ते ४२ मैल, ७० च्या रस्त्यावर ७९ ते ८६. त्याच्या वर गेलात की ऑफर येत नाही. आणि मागच्या ३ वर्षांतल्या एखाद्या गुन्ह्यासाठी हाच कोर्स केलेला असेल तरी नाही.

बुकिंगला पत्रातला रेफरन्स नंबर, लायसन्स नंबर आणि पैसे भरायला कार्ड लागतं. फी प्रोव्हायडरप्रमाणे (म्हणजे कोर्स घेणाऱ्या संस्थेप्रमाणे) बदलते, आणि कुठल्याही भागातला प्रोव्हायडर चालतो, त्यामुळे दोन-चार ठिकाणी बघूनच बुक करा. ऑनलाइन कोर्सला फोटो आयडी दाखवावा लागतो, कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवायचा. शेवटी परीक्षा नसते, पण उशिरा आलात किंवा मधेच उठून गेलात तर केस परत पोलिसांकडे जाऊ शकते.

आता याचा खरंच उपयोग होतो का? २०१८ मध्ये इप्सॉस मोरी या संशोधन संस्थेने सरकारसाठी लाखो ड्रायव्हर्सचा डेटा तपासला. कोर्सची ऑफर घेणाऱ्यांनी पहिल्या ६ महिन्यांत पुन्हा स्पीडिंग करण्याचं प्रमाण १२ ते २३ टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे दंड-पॉइंट्सपेक्षा कोर्सचा परिणाम जास्त दिसला. अपघात कमी झाले असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही, तेही सांगायलाच हवं. तरी माझं मत, ऑफर आली तर घ्याच. ३० च्या स्पीडला गाडी थांबायला २३ मीटर लागतात आणि ४० ला ३६, हा १३ मीटरचा फरक एकदा समजला की झेब्रा क्रॉसिंग दिसल्यावर पाय आपोआप ब्रेककडे जातो, नुसते पैसे भरून ते होत नाही.

कोर्स पूर्ण केला की पॉइंट्स लागत नाहीत, पण काही इन्शुरन्सवाले कोर्स केलाय का ते विचारतात, विचारलं तर खरं तेच सांगा. ऑफरच्या पत्रावरची तारीख आधी बघा, ती उलटली तर बुकिंग होत नाही.