टूटूचा घेर आणि युद्धानंतरची फॅशन

12 फेब्रुवारी 1947 रोजी पॅरिसमधल्या आव्हेन्यू माँतेनवरच्या 30 क्रमांकाच्या इमारतीत ख्रिस्तियाँ दिऑर या फॅशन डिझायनरने आपले पहिले कलेक्शन दाखवले. खांद्याची उतरती रेषा, मुठीत मावेलशी कंबर आणि तिथून खाली पोटरीपर्यंत उमलत गेलेला भरघोस घेर. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. पण घट्ट चोळी, बारीक कंबर, पाऊल आणि घोटा मोकळा ठेवणारा घंटेसारखा घेर हा आराखडा शंभराहून अधिक वर्षे बॅलेच्या रंगमंचावर नांदत होता. फॅशनच्या इतिहासात दिऑरचे नाव जेवढे घेतले जाते, तेवढे त्या रंगमंचाचे घेतले जात नाही. ही पार्श्वभूमी त्यासाठीच.

सुरुवात 12 मार्च 1832 ची. पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. फिलिप्पो तालियोनी याने तो आपल्या मुलीसाठी, मारी तालियोनीसाठी, बसवला होता. तिने वनपरीची भूमिका केली ती पांढऱ्याशुभ्र, तलम, थरांच्या झग्यात. पोशाखाचे श्रेय साधारणपणे यूजेन लामी या चित्रकाराला दिले जाते. हा झगा काही आकाशातून पडलेला नव्हता. त्या काळात पॅरिसच्या बायका नाचाच्या समारंभांना जे घालत, त्याचीच ही हलकी केलेली, रंग काढून घेतलेली आणि थोडी आखूड आवृत्ती होती. आखूड करण्यामागे कारण होते: तालियोनी चवड्यांच्या टोकावर उभी राहून नाचत असे आणि ते पाऊल प्रेक्षकांना दिसायला हवे होते. 1841 साली 'जिझेल' हा बॅले आला आणि या पोशाखाचे बस्तान पक्के बसले. टूटू म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीच्या थरांचा घेरदार पोशाख, आणि या लांब प्रकाराला आज आपण रोमँटिक टूटू म्हणतो.

हे सगळे तलम थर परवडू लागले त्यामागे यंत्र आहे. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने 1809 साली जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर हातावर, दिवसच्या दिवस खपून होणारी जाळी आता वारावर मिळू लागली. 1816 साली लफबरोमध्ये यंत्रांना विरोध करणाऱ्या लडाइट कामगारांनी त्याचे 50 हून अधिक माग फोडले, तेव्हा तो सगळा पसारा घेऊन डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. परीच्या पोशाखाचा इतिहास सांगताना हे फुटलेले माग विसरून चालणार नाही. पुढे ट्यूल म्हणून ओळखली जाणारी ही जाळी रंगमंचावर आणि राजवाड्यात एकाच वेळी पसरली. विंटरहाल्टरने 1865 साली रंगवलेले ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथचे चित्र पाहा: चंदेरी तारे जडवलेला, ढगासारखा फुललेला झगा. नर्तकी आणि सम्राज्ञी एकाच कापडात होत्या.

या कापडाने जीवही घेतले. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि हलकी, हवेशीर जाळी क्षणात पेट घेई. 1844 साली लंडनमध्ये क्लारा वेबस्टर अशीच भाजून गेली. त्याहून चटका लावणारी कहाणी एमा लिव्ही हिची. ती तालियोनीची लाडकी शिष्या. पोशाखांना आग लागू नये म्हणून कापड रसायनात बुडवण्याची कार्टेरॉनची पद्धत पॅरिसमध्ये तोवर आली होती, पण त्याने कापड कडक होई, मळकट दिसे. एमाने असा झगा घालायला नकार दिला, आणि तसे लेखी कळवले. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीच्या वेळी विंगेतल्या दिव्याला तिचा घेर लागला. ती पेटली तेव्हा 20 वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून जुलै 1863 मध्ये ती गेली. तिच्या त्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. नर्तकीने दिसायचे कसे आणि त्यासाठी मोजायचे काय, हा प्रश्न टूटूच्या इतिहासात इतका उघड दुसरीकडे कुठेच येत नाही.

घेर आखूड होत गेला तो नाचाच्या मागणीमुळे. इटलीच्या नर्तकींचे तंत्र अफाट होते आणि ते दाखवायचे तर पाय दिसायला हवेत. 1880 च्या दशकात विर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली ती आपला आखूड घेर घेऊन. 1895 साली तिथेच 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने एकाच पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. पुढच्या काही दशकांत घेर आणखी वर गेला आणि कमरेच्या खाली आडवा, थाळीसारखा पसरला.

अशा टूटूची रचना जवळून पाहण्यासारखी असते. चड्डीवरच जाळीच्या चुण्यांचे दहा-बारा थर एकावर एक शिवलेले असतात. खालचे थर अगदी अरुंद, वरचे रुंद होत जाणारे, म्हणजे खालचे वरच्यांना उचलून धरतात. लग्नाच्या घागऱ्याखाली आपल्याकडे जी कडक कॅनकॅन लावतात, त्याच कुळातली ही जाळी. थर सुटे फडफडू नयेत म्हणून ते आतून लांब, सैल कच्च्या टाक्यांनी एकमेकांना बांधतात. हा टाका ओढला गेला तर टूटू छत्रीसारखा मिटतो, फार सैल राहिला तर थर लोंबतात. पाठीमागे हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण एकच पोशाख वेगवेगळ्या अंगांना बसवावा लागतो. ठेवायचा असतो तो उलटा, नाहीतर थर बसतात.

विसाव्या शतकाच्या मध्याला या जुन्या घेराकडे पुन्हा ओढ लागली ती युद्धामुळे. ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांना कुपने लागली आणि ती मार्च 1949 पर्यंत चालली. स्कर्ट आखूड, चुण्या मोजून-मापून, खांदे गणवेशासारखे. या टंचाईतच 20 फेब्रुवारी 1946 रोजी कॉव्हेंट गार्डनचे रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडले. युद्धाच्या काळात तिथे नाचाचा सार्वजनिक हॉल चालत असे. उद्घाटनाला 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले होता, पोशाख ऑलिव्हर मेसेलचे आणि मुख्य भूमिकेत नर्तकी मार्गो फाँटेन. विटलेल्या कोटांत बसलेल्या प्रेक्षकांसमोर रंगमंचावर एवढे कापड, एवढा रंग होता. वर्षभराने दिऑरने लोकांना जे दिले, त्याची भूक तिथे आधीच जागी झालेली होती असे मला वाटते.

दोन्ही जगांतली माणसेही एकच होती. 1932 साली नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशिनच्या 'कोतियों' या बॅलेचे पोशाख ख्रिस्तियाँ बेरारने रेखाटले आणि बार्बरा कारिन्स्काने शिवले. हाच बेरार दिऑरचा जवळचा मित्र. 1947 साली खुद्द दिऑरने नृत्यदिग्दर्शक रोलाँ पेतीच्या 'त्रेझ दाँस' या बॅलेचे पोशाख केले. फाँटेन त्याच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक होती, आणि 1955 साली पॅरिसमध्ये तिचे लग्न झाले तेही दिऑरच्याच पोशाखात. दिऑरच्या त्या घेराच्या आत अस्तर, ताफ्ता, ट्यूल असे थरावर थर असत. बांधणी रंगमंचाचीच.

सगळ्यांना हे रुचले नाही. कापड-उद्योगपती मार्सेल बूसाकच्या पैशावर उभ्या राहिलेल्या दिऑरच्या या फॅशन-घराने मीटर-मीटर कापड उधळावे आणि बाकीच्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहावे, हा राग खरा होता. 1947 साली माँमार्त्रमधल्या र्‍यू लेपिकच्या बाजारात न्यू लुक घालून फोटोसाठी उभ्या केलेल्या मॉडेलच्या अंगावरचे कपडे तिथल्या बायकांनी ओढून फाडले. त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांचा राग मला आजही समजतो.

रस्त्यावर ही फॅशन टिकली ती नायलॉनमुळे. खळ घातलेली सुती जाळी दमट हवेत मान टाकते. नायलॉनची जाळी ताठ राहते, धुता येते आणि स्वस्त पडते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलींच्या प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाच्या, झग्यांखाली नायलॉनचे पेटिकोट गेले, आणि पोटरीपर्यंतच्या उंचीला दुकानांतून सर्रास 'बॅलेरिना लेंग्थ' म्हणू लागले.

गंमत अशी की रस्त्यावरचा घेर असा ताठ होत असताना न्यूयॉर्कमध्ये कारिन्स्का नेमकी उलट दिशेने निघाली होती. थाळीसारख्या टूटूत तारेचे कडे घालत. बॅलनशिनच्या 'सिंफनी इन सी' या बॅलेच्या शेवटी पन्नासच्या आसपास नर्तक एकाच वेळी रंगमंचावर येतात. कडी एकमेकांवर आपटली की सगळे घेर तिरके होणार. 1950 साली तिने या बॅलेसाठी कडेच काढून टाकले, थर कमी केले, ते आखूड आणि मऊ ठेवले. टूटू पावडर-पफसारखा फुगीर आणि सैल झाला, आणि तेच नाव त्याला पडले. चोळीचे काही भाग ती उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत, कापायची, म्हणजे श्वास घेताना कापड छातीबरोबर ताणले जाई. माझ्या मते त्या दशकातली पोशाखातली खरी नवी कल्पना ही होती. दिऑरने बाईच्या कमरेला पुन्हा पट्टे आवळले, कारिन्स्काने नर्तकीला श्वास दिला.

रस्त्यावरचा घेर फार काळ राहिला नाही. ऑक्टोबर 1957 मध्ये दिऑर गेला. जानेवारी 1958 मध्ये त्याच फॅशन-घरासाठी केलेल्या आपल्या पहिल्या कलेक्शनमध्ये इव्ह सां लोराँने कंबर मोकळी सोडणारी 'ट्रॅपेझ' रेषा आणली. बॅलेकडून आलेली एक गोष्ट मात्र पायांत राहून गेली. युद्धकाळात अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशन होते, नाचाच्या सपातांवर नव्हते. क्लेअर मॅकार्डेल या अमेरिकन डिझायनरने नाचाचे जोडे बनवणाऱ्या कपेझिओ कंपनीकडून त्याच सपातांना जाड तळ लावून घेतला आणि आपल्या कपड्यांबरोबर त्या विकायला ठेवल्या. पॅरिसमध्ये रोझ रेपेतोने आपल्या मुलासाठी, म्हणजे रोलाँ पेतीसाठी, नाचाचे बूट बनवायला सुरुवात केली होती. लहानपणी बॅले शिकलेल्या अभिनेत्री ब्रिजित बार्दोने 1956 साली तिच्याकडून रस्त्यावर घालण्यासाठी तसाच लाल जोड करून घेतला. 'सँद्रियाँ' नावाचा तो जोड रेपेतो कंपनी आजही विकते.