चावी फिरवली की नुसतं 'टक्'

जुन्या गाडीची चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं 'टक्' ऐकू आलं, की बहुतेक मालक थेट बॅटरीचं दुकान गाठतात. नवी बॅटरी बसते, काही हजार रुपये जातात, गाडी पंधरा दिवस बरी चालते आणि एका सकाळी पुन्हा 'टक्'. मग बॅटरीवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. प्रत्यक्षात बॅटरी बदलताना टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खुंटीवरचा वायरचा जोड, हललं, जरा घासलं गेलं, म्हणून ते पंधरा दिवस बरे गेले. दुखणं होतं तिथेच राहिलं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत भाग बिघडतात त्याहून जास्त जोड बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

त्यामागचं गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचं आहे. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर वीज घेतो. स्टार्टर मोटर, म्हणजे आपला सेल्फ, छोट्या पेट्रोल गाडीतही १०० ते २०० अँपिअर ओढतो. समजा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीमुळे त्या जोडात अवघा ०.०१ ओहम रोध आला. बल्बाच्या वाटेत त्याने व्होल्टचा विसावा हिस्सासुद्धा खाल्ला जात नाही. पण १५० अँपिअर वाहू लागले की त्याच जोडात दीड व्होल्ट जातो आणि २२५ वॅट उष्णता तयार होते. म्हणून हॉर्न खणखणीत वाजतो, दिवे झक्क लागतात आणि सेल्फ मात्र हलत नाही. 'टक्' करणाऱ्या सोलेनॉइडचं, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचं, कमी विजेवर भागतं, मोटरचं भागत नाही. दोन-तीनदा सेल्फ मारून टर्मिनलला जपून बोट लावा. एक थंड आणि दुसरं चटका देणारं असेल तर चोर सापडला.

पॉझिटिव्हची जाड वायर सगळे बघतात, परतीची वाट कुणी बघत नाही. गाडीत वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतते ती बॉडीतून. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. त्यामुळे इंजिनापासून बॉडीला किंवा बॅटरीला तांब्याच्या तारांची विणलेली अर्थची पट्टी जोडलेली असते. कोकणातल्या दमट हवेत ती काही वर्षांत आतून कुजते, वरून दिसते मात्र धडधाकट. ती तुटली की वीज दुसरी वाट शोधते, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी क्लचच्या. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली किंवा एकाएकी जड झाली, तर केबल बदलण्याआधी ही पट्टी तपासा. मागे इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही त्याच तालात मिणमिणत असेल, तर तिथेही संशय अर्थवरच घ्यावा.

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, पण इथे तो ओहमवर लावून उपयोग नाही. ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य वीज सोडतो. पट्टीची एकच तार शाबूत असली तरी आकडा शून्याच्या आसपास येतो आणि आपण 'अर्थ ठीक आहे' म्हणून मोकळे. व्होल्ट मोजायचे आणि तेही सेल्फ फिरत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ठिणगीसाठीच्या कॉइलला येणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला तर दोष बॅटरीचा नाही, परतीच्या वाटेचा. भुकटी साफ करायला खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं, कारण ती आम्लाची करामत आहे. मग पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन.

बॅटरीचीही बाजू ऐकून घेऊ. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. तेरा ओलांडत नसतील तर आधी अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, पट्टा सैल आहे का ते बघा. दोन-तीन दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल तर डिकी उघडून दिव्याचं बटण दाबून पाहा. झाकण बंद केल्यावरही जळत राहणारा पाच वॅटचा दिवा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी करतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही निराळी कथा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली पद्मिनी, १०८९ सीसीची, मुंबईची काळी-पिवळी, ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. हौशी लोकांच्या दारात ती अजून आहे आणि तिच्या इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, संगणक नाही, त्यामुळे शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे छोटा यांत्रिक स्विच, उघडतात, कॉइलची वीज तुटते, तिचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. क्षेत्र जितकं झटक्यात कोसळेल तितकी ठिणगी जोरकस. पण पॉइंट उघडताना वीज त्या फटीतूनही उडी मारू पाहते. तिला त्या क्षणापुरतं पोटात घेतो तो शेजारचा अंगठ्याएवढा कंडेन्सर. तो गेला की ठिणगी निळी-पांढरी न राहता पिवळट, मरगळलेली पडते, पॉइंट जळून काळे होतात आणि गाडी 'मिसिंग' मारू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून झटके देते. नवे पॉइंट आठवडाभरात पुन्हा जळाले तर पॉइंटला दोष देऊ नका, कंडेन्सर बदला. तो स्वस्तही असतो.

पावसाळ्यात हीच गाडी एखाद्या तुंबलेल्या रस्त्यावर बंद पडते ती बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये ओल गेल्याने. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसून भागणार नाही. तो कार्बनचा माग आहे, वीज आता त्याच वाटेने पळणार. नवी कॅप घ्या.

उन्हाळ्यात घाटात अडचण येते पेट्रोलची. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनालाच चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल शोषून घेतो. शोषताना दाब कमी होतो, दाब कमी झाला की उकळबिंदू उतरतो, त्यात इंजिनाची धग. पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. खंडाळ्याच्या चढावर पंपावर ओलं फडकं टाकून उभे राहणारे ड्रायव्हर भौतिकशास्त्रच वापरत होते. थांबलाच आहात तर रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वरही न उकळता राहतं आणि झाकण सुटताक्षणी एकदम उकळून तोंडावर येतं.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि पेट्रोल साधारण तीन बार दाबाने ढकलतो, म्हणून हा त्रास जवळपास संपला. मात्र त्या पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोल. कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक 'घूं' ऐकू यायला हवं. आलं नाही तर पंपाची किंमत विचारण्याआधी फ्यूज आणि रिले बघा, आणि हो, पंपाची अर्थ.