रामेन-या
रामेन-या : रामेन, म्हणजे गरम रश्शातल्या गव्हाच्या नूडल्स, विकणारे छोटे जपानी दुकान. जपानीत ‘या’ म्हणजे दुकान. टेबले असलीच तर दोन-चार; खरी बैठक म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याला लागून असलेली लांब फळी आणि तिच्यापुढची स्टुले. बऱ्याच दुकानांत दारापाशी एक यंत्र असते. त्यात पैसे टाकून बटण दाबायचे आणि निघालेली चिठ्ठी फळीवर ठेवायची, म्हणजे आचाऱ्याला पैशांना हात लावावा लागत नाही. गिऱ्हाईक वाडग्यावर वाकून आवाज करत भुरके मारते आणि उठते. इथे ते असभ्य नाही. जेवण झाल्यावर रेंगाळणे मात्र, बाहेर रांग असताना, नक्कीच आहे.

रामेनचे मूळ चिनी. योकोहामासारख्या बंदरांत राहणाऱ्या चिन्यांकडून तो जपानात पसरला. 1910 साली टोकियोच्या आसाकुसा भागात निघालेले ‘राइराइकेन’ हे आरंभीच्या नामवंत दुकानांपैकी एक. पीठ मळताना ‘कान्सुइ’ हे क्षारयुक्त पाणी घालतात. पापडात पापडखार करतो तसलेच हे काम. त्यानेच नूडल्सना पिवळसर छटा आणि चिवटपणा येतो. पण त्या रश्शात पडल्या की फुगू लागतात. बैठक ओट्याला चिकटून असण्याची सोय इथे कळते : चुलीवरून उतरलेला वाडगा हातभर अंतरावर पोचतो.

फुकुओका शहरातल्या हाकाता रामेनच्या दुकानांत ही घाई पराकोटीला जाते. इथला रस्सा ‘तोन्कोत्सु’, म्हणजे डुकराच्या हाडांचा. तो जवळच्या कुरुमे गावचा. तिथल्या एका हातगाडीवर 1937 मध्ये तो सुरू झाला. आजचा दुधासारखा पांढरा रस्सा मात्र 1947 मध्ये, भांडे चुकून फार वेळ जोराने उकळत राहिल्यामुळे झाला असे सांगतात. हाडांतले कोलॅजन हे प्रथिन विरघळते आणि खळखळत्या पाण्यात चरबी त्यात मिसळून जाते, म्हणून हा पांढरेपणा. दूध त्यात नसते.

फुकुओकातल्याच नागाहामा भागातल्या मासळी बाजारातल्या माणसांना थांबायला वेळ नसे. झटपट शिजाव्यात म्हणून नूडल्स बारीक झाल्या. बारीक म्हणून लवकर मऊ पडू लागल्या. म्हणून वाढप थोडे ठेवले आणि हवे त्याला पुन्हा देण्याची रीत आली. तिचे नाव ‘काएदामा’. मिसळीच्या हॉटेलात पाव संपायच्या आत रस्सा वाढून मिळतो; इथे उलट, रस्सा तोच राहतो आणि नूडल्सची नवी गुंडी येते. नवख्या माणसाने पहिल्या वाडग्यातला रस्सा पिऊन टाकला तर काएदामा कशात घालणार? नूडल्स किती कडक हव्यात तेही सांगायचे असते : ‘यावा’ मऊ, ‘काता’ कडक, ‘बारीकाता’ फारच कडक. त्यापुढे ‘हारिगाने’, म्हणजे तार, आणि शेवटी ‘कोनाओतोशी’, म्हणजे नुसते पीठ झटकलेले. शेवटच्या दोन्हींत चवीपेक्षा मर्दुमकीच जास्त असावी. लाल आले, तीळ आणि तिखट ताकाना भाजी फळीवरच ठेवलेली असते.

फुकुओकात संध्याकाळी रस्त्याकडेला लागणाऱ्या ‘याताई’ हातगाड्या हे या दुकानांचे जुने रूप. त्यांच्यासाठी शहराने 2013 मध्ये वेगळा नियम केला. दुसऱ्या टोकाला ‘इचिरान’ ही इथलीच साखळी. तिच्या फळीवर प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना लाकडी आडोसे असतात आणि समोर पडदा, त्यामुळे वाढणाऱ्याचा चेहराही दिसत नाही.

शाकाहारी प्रवाशाने रंगावर जाऊ नये. मिठाच्या किंवा सोया सॉसच्या नितळ दिसणाऱ्या रामेनमध्येही सहसा कोंबडी, डुक्कर किंवा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि वरचे मांस काढायला सांगून तो जात नाही. टोकियो स्थानकातले ‘टीज तानतान’ हे पूर्ण शाकाहारी दुकान त्यामुळे भारतीयांना सोयीचे पडते.