घरची मोटारदेखभाल (बडोदे)

लहान प्रवासी मोटारीची नित्य तपासणी, सफाई आणि सोपी दुरुस्ती मालकाने अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करण्याचा प्रघात. यात पैसे वाचतात हे उघड आहे. पण खरा लाभ असा, की रोज हात लागणाऱ्या गाडीतला बिघाड लहान असतानाच कळतो. बडोद्यात या कामाला दोन गोष्टींनी वळण दिले : हातकामाची जुनी ओढ आणि विश्वामित्री नदीचे पूर.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात १८९० मध्ये येथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (स्थापना १९४९) तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली. प्रतापनगरचे रेल्वे वर्कशॉप आणि मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत यांनीही शहराला कारागीर दिले. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले एखादे काका किंवा आजोबा सहसा सापडतात, आणि त्यांच्या पेटीत पान्यांचा संच, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजण्याचे उपकरण) हेही. नव्या गाडीवाल्याचे पहिले शिक्षण बहुधा त्यांच्याच हाताखाली होते.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार आणली. तिचे तीन सिलिंडरचे ७९६ घ. सें. इंजिन सुटसुटीत होते. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करणे, ठिणगी देणाऱ्या प्लगची फट जुळवणे, टॅपेट (झडपांची फट) सेट करणे ही कामे हौशी माणूस रविवारी सकाळी उरकू शकत असे. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले आणि स्क्रू फिरवून गाडी ‘ट्यून’ करण्याचे दिवस संपले. तरी आल्टो, वॅगन आर यांसारख्या गाड्यांत पाहण्याची, मोजण्याची आणि वेळेवर बदलण्याची कामे मालकाच्या हातात राहिलीच, आणि गाडीचे आयुष्य मुख्यतः त्यांवरच अवलंबून असते.

पहिले काम ऑइलची पट्टी पाहण्याचे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल खाली उतरते. पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. रंग काळा झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) शिरले आहे. खाली थेंब पडत नसताना पातळी उतरत असेल, तर इंजिन ऑइल जाळत आहे.

बॅटरी येथल्या उन्हाळ्यात लवकर थकते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उष्णता बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षाही अधिक कमी करते. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघते. वर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. हा क्रम पाळला, तर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आकडा दिसला नाही, तर दोष बहुधा बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) किंवा त्याच्या बेल्टमध्ये असतो. मल्टिमीटरवरची ही एक नजर नव्या बॅटरीचा नाहक खर्च वाचवते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. क्षार बसून नळ्या तुंबतात. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनवर कधीच उघडू नये. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी. स्टेपनीची हवा पाहायची राहून जाते, तीही पाहावी.

विश्वामित्री पावागडाच्या परिसरातून येऊन शहराच्या मधून वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी येथे एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि पार्किंगमधल्या असंख्य मोटारी बुडाल्या. पावसाळ्यात आजवा सरोवराची (ज्याचे जादा पाणी विश्वामित्रीत येते) पातळी आणि काळा घोडा या पुतळ्याजवळच्या पुलापाशी नोंदली जाणारी नदीची उंची यांवर लक्ष ठेवून गाडी वेळेत उंचावर नेणे हा येथील देखभालीचाच भाग मानला पाहिजे.

गाडी बुडालीच, तर सर्वांत मोठे काम न करण्याचे आहे : चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी शिरलेल्या इंजिनला सेल्फ मारला, की वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याने भिजून जे नुकसान काही हजारांत निभावले असते, ते एका ‘बघू तरी चालू होते का’मुळे पूर्ण इंजिनवर जाते. विम्याच्या दृष्टीनेही हे घातक आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर धरलेला असतो. पण पाण्यात गाडी चालू केल्याने बिघडलेल्या इंजिनाचा दावा, इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर, सहसा फेटाळला जातो. म्हणून आधी पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी.

पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले असेल, तर गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी. ते पायदानापर्यंतच आले असेल, तर एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा. फिल्टर कोरडा, ऑइल स्वच्छ आणि गिअरबॉक्सही सुरक्षित असेल, तरच गाडी चालू करण्याचा विचार. फिल्टर ओला निघाला, तर प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे लागते. ते जाणकारासमोर करावे. घरी नक्की करण्यासारखे काम म्हणजे आतली चटई काढणे. वरची चटई दोन दिवसांत वाळते, खालचा नमदा (जाड लोकरीसारखा थर) मात्र कित्येक आठवडे पाणी धरून ठेवतो आणि तिथूनच वास, बुरशी, पत्र्याचा गंज सुरू होतो. फरशीच्या पत्र्यात रबरी बुचे असतात. ती काढली, की साचलेले पाणी खाली वाहून जाते. पाण्यातून आलेली गाडी थोडी हळू चालवत ब्रेक हलके दाबून लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) वाळवावेत.

घरी काय करू नये, याबाबत भीड नको. गाडीसोबत मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, पण ती उतरली म्हणून नुसती भरून मोकळे होऊ नये. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी खाली जाते, गळती असली तरी जाते. वरून ओतल्याने ती खूणच पुसली जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये. एअरबॅग, टायमिंग बेल्ट, क्लच ही कामे गॅरेजची. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो; तिची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची चाचणी) करावी लागते आणि तिच्या नळ्यांना घरचा पाना लावू नये. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत प्लग लवकर झिजतात, ते मात्र मालकाला बदलता येतात.

काढलेले जुने ऑइल गटारात ओतणे हा गुन्हाच समजावा, कारण बडोद्यातली गटारे आणि कांस (पावसाच्या पाण्याचे नाले) शेवटी विश्वामित्रीलाच मिळतात, आणि त्या नदीत आजही मगरी राहतात. हे ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुनी बॅटरी नवी घेतानाच दुकानदाराला परत करावी.