खात्री नाही म्हणून गेटमधला प्रश्न सोडायचाच का?

दरवर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास गेटचे, म्हणजे इंजिनिअरिंगनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, अर्ज सुरू झाले की फोंडा-डिचोलीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक जुना मेसेज फिरतो: ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, शंभर टक्के खात्री असेल तरच उत्तर द्या.’ सल्ला काळजीपोटीचा आहे, पण अर्धवट.

पेपरात 65 प्रश्न, 100 गुण आणि तीन प्रकार. आकडा टाइप करायचा प्रश्न आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारा प्रश्न, या दोन्हींत चुकीला गुण कापत नाहीत. तिथे रकाना कोरा ठेवण्यात काहीच राखलं जात नाही.

कपात फक्त चारातून एक निवडायच्या प्रश्नात: 1 गुणाच्या चुकीला 1/3, 2 गुणांच्या चुकीला 2/3. आता हिशोब बघा. 1 गुणाचे चार प्रश्न निव्वळ अंदाजाने टिकमार्क केले, सरासरीने एक बरोबर आला, तर मिळाला 1, गेले 3 × 1/3 म्हणजे 1. हाती शून्य, ना नफा, ना तोटा. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर असे दोन प्रश्न सोडवल्यावर सरासरी 1 मिळतो, 1/3 जातो. फायदाच. (‘खात्रीने’ हा शब्द मात्र महत्त्वाचा, घाईत बरोबर पर्यायच बाद केला तर गणित उलटतं.)

पडताळायचं असेल तर अधिकृत माहितीपत्रकातला गुणांकनाचा तक्ता वाचा. मग एक जुना पेपर वेळ लावून सोडवा, अंदाजाच्या उत्तरांवर खूण करा आणि उत्तरसूचीशी ताडून फक्त त्यांचीच बेरीज मांडा.